कपाटातल्या कॅसेटी आणि डीव्हीडी रेकॉर्डरची निवड

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत वैद्यकीय विषयांवरील अभ्यासपूर्ण लेखांची परंपरा आहे. त्या पंक्तीत व्हिडिओ कॅसेटवरून डीव्हीडीवर प्रत कशी करावी आणि त्यासाठी कोणता रेकॉर्डर निवडावा, असा विषय घेऊन बसणे काहींना विजोड वाटण्याचा संभव आहे. तथापि गेल्या काही वर्षांत ज्या ज्या व्यवसायबंधूंच्या घरी जाण्याचा योग आला, त्यांपैकी बहुतेकांच्या माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी एक खोके हमखास आढळले. त्यात मुंजीची, लग्नाची, वडिलांच्या एकसष्टीची, दवाखान्याच्या उद्घाटनाची अशा दहा-वीस कॅसेटी असतात, आणि त्या लावण्यासाठी घरात चालू स्थितीतला व्हीसीआर नसतो. या कॅसेटी अजून वाचवता येतात. मात्र ते कसे करायचे हे सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. बेळगावात हा उद्योग छंद म्हणून बरीच वर्षे केल्यामुळे जे कळले ते व्यवसायबंधूंपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

दिल्लीत १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले आणि मध्यमवर्गीय घरांत व्हीसीआरचा प्रवेश होऊ लागला. तेव्हापासून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत, म्हणजे सुमारे वीस-पंचवीस वर्षांचे आपले कौटुंबिक आयुष्य अर्ध्या इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर नोंदले गेले आहे. त्याआधीची छायाचित्रे टिकली, नंतरचे सारे संगणकात गेले. मधला काळ मात्र फितीवर अडकून पडला. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, आणि त्यानंतर नवा व्हीसीआर कारखान्यातून बाहेर पडणे संपले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच इशारा दिला होता की, चुंबकीय फितीवरील जे काही २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही त्यातील बरेचसे कायमचे हातचे जाईल. ते वर्ष उलटून गेले. त्या तारखेला सगळ्या फिती एकदम कोऱ्या झाल्या असे अर्थातच नाही. फीत पुष्कळदा आपल्या अपेक्षेपेक्षा चिवट निघते. खरा तुटवडा ती वाजवणाऱ्या यंत्रांचा, त्यांच्या सुट्या भागांचा आणि ती दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचा आहे.

डीव्हीडी रेकॉर्डर हे यंत्र आता नव्या पिढीला ठाऊकही नाही. घरगुती वापराचा पहिला रेकॉर्डर पायोनियरने १९९९ च्या अखेरीस जपानमध्ये विक्रीस आणला, आणि पुढील दहा वर्षांत पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, एलजी, सॅमसंग, तोशिबा, जेव्हीसी अशा अनेकांनी तो बनवला. आज तो घ्यायचा तर जुनाच घ्यावा लागतो. मग, ‘शे-पाचशे रुपयांत यूएसबीची ती छोटी डबी मिळते, ती लॅपटॉपला जोडली की झाले, जुन्या यंत्राची उठाठेव कशाला?’ असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे तंत्रात शिरावे लागेल. सुदैवाने वाचक डॉक्टर आहेत, त्यामुळे उपमा शोधायला लांब जावे लागत नाही.

आपल्याकडील पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा असतात आणि सेकंदाला २५ चित्रे. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा, प्रत्येक रेषेला ६४ मायक्रोसेकंद. प्रत्येक रेषेच्या आरंभी एक ठोका असतो, ‘येथून नवी रेषा सुरू’ असे सांगणारा. हा ठोका म्हणजे ईसीजीतील आर तरंगच समजा. नव्या फितीवर हे आर-आर अंतर जवळपास सारखे असते. परंतु फीत ताणली गेली, व्हीसीआरचा ड्रम किंचित डगमगला, रबराचे पट्टे सैल पडले की हे ठोके मागेपुढे होऊ लागतात. जुना काचेच्या नळीचा टीव्ही या अनियमिततेशी जुळवून घेत असे. चित्राचा वरचा भाग थोडा वाकडा दिसे, पण पाहणे चालू राही. डिजिटल यंत्र तसे उदार नसते. ठोका वेळेवर आला नाही की ते चित्र गाळते, एकच चित्र दोनदा लिहिते किंवा निळा पडदा दाखवून स्वस्थ बसते. स्वस्त यूएसबी डबीत हे नेमके घडते. चित्रे गळत जातात, आवाज मात्र अखंड चालतो, आणि तासाभराच्या कॅसेटीच्या शेवटी भटजींचे ओठ एकीकडे आणि मंगलाष्टके दुसरीकडे अशी अवस्था होते.

चांगल्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये हे ठोके मुळातून सरळ करणारे परिपथ असते. त्याला टाइम बेस करेक्टर म्हणतात. आपल्या भाषेत, चित्राचा पेसमेकर. हा परिपथ सगळ्याच रेकॉर्डरांत सारख्या गुणवत्तेचा नसतो, आणि निवडीचा खरा निकष तोच आहे. पेटीवर ठळकपणे छापलेल्या बहुतेक गोष्टींचा, म्हणजे प्रोग्रेसिव्ह स्कॅन, एचडीएमआय, दर्शनी भागाचा चकचकाट यांचा, कॅसेटीची प्रत करण्याशी संबंध फारसा नाही. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे २००५-०६ च्या सुमाराचे अगदी साधे, त्या वेळी स्वस्तातले समजले जाणारे रेकॉर्डर या एका गुणासाठी जगभरच्या हौशी मंडळींत आजही शोधले जातात. त्यांचा डीव्हीडी लिहिणारा भाग बंद पडलेला असला तरी बिघडत नाही. व्हीसीआरची तार त्यांत घालावी, बाहेर पडणारी तार त्या यूएसबी डबीला जोडावी. वाकडे चित्र सरळ होऊन पुढे जाते. भंगाराच्या भावात मिळालेले बंद यंत्र अशा रीतीने उपयोगी पडते. जुन्या बाजारात रेकॉर्डर पाहायला जाताना मी म्हणूनच ‘डिस्क लिहितो का?’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिल्या क्रमांकावर, बरोबर नेलेली एक हट्टी, डुगडुगणारी कॅसेट लावून तिचा वरचा काठ सरळ दिसतो का, हे पाहणे.

व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डर एकाच पेटीत असलेले जोडयंत्रही एके काळी लोकप्रिय होते. एक बटण दाबावे आणि प्रत तयार, अशी त्याची सोय होती. ज्यांच्याकडे पाच-सहाच कॅसेटी आहेत आणि तारा जोडण्याचा कंटाळा आहे, त्यांना ते वाईट म्हणता येणार नाही. माझे मत मात्र त्याच्या बाजूने नाही. अशा पेटीतील व्हीसीआरचा भाग बहुधा काटकसरीने बनवलेला असतो आणि दोघांपैकी एक आजारी पडला की दुसराही दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसतो. हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर मिळाला तर तो अवश्य घ्यावा. त्यात आधी हार्ड डिस्कवर लिहून घेता येते, कॅमेरा जमिनीकडे करून चालू राहिलेली दहा मिनिटे काढून टाकता येतात, आणि मग डीव्हीडी बनवता येते. एवढे ध्यानात असावे की, या हार्ड डिस्कवरील मांडणी त्या त्या कंपनीची स्वतःची असते; ती काढून संगणकाला जोडली तर सहसा काही वाचता येत नाही. यंत्र बंद पडले की आतले सारे गेले. म्हणून हार्ड डिस्कला धर्मशाळा समजावे, घर समजू नये.

अमेरिकेतून कोणी रेकॉर्डर आणून देतो म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणावे. तेथील यंत्र ११० व्होल्टचे असते, ही अडचण लहान. ते ५२५ रेषांच्या एनटीएससी पद्धतीचे असते, ही मोठी. याची उलट बाजूही आपल्या घरांत पुष्कळ दिसते. मुलाने किंवा बहिणीने १९९० च्या सुमारास न्यू जर्सीहून पाठवलेली, नातवाच्या पहिल्या वाढदिवसाची कॅसेट एनटीएससी असते. आपल्याकडील अनेक व्हीसीआर ती टीव्हीवर दाखवतात, पण दाखवताना तिचे रंग पालचे आणि गती मात्र अमेरिकेची असा संकर करतात. टीव्ही तो चालवून घेतो. बरेचसे रेकॉर्डर घेत नाहीत आणि चित्र काळेपांढरे होते किंवा घरंगळत राहते. दोष कॅसेटीचा नसतो. अशा कॅसेटीसाठी शुद्ध एनटीएससी देणारा व्हीसीआर मिळवावा, आणि रेकॉर्डरही त्याच पद्धतीवर ठेवावा.

रेकॉर्डरविषयी एवढे लिहिले, पण खरे तर प्रतीची गुणवत्ता निम्म्याहून अधिक व्हीसीआरवर ठरते. फितीवरून जे उचललेच गेले नाही ते पुढचे कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही. येथे आपल्या व्यवसायाचा एक अनपेक्षित लाभ आहे. इकोकार्डिओग्राफीची तपासणी संगणकात साठवली जाऊ लागण्यापूर्वी ती व्हिडिओ कॅसेटवर नोंदवली जात असे, आणि त्यासाठी यंत्राच्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात पुष्कळदा एस-व्हीएचएस प्रकारचा उत्तम व्हीसीआर बसवलेला असे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचेही तेच. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली, आणि त्यानंतरच्या दशकात आपल्यापैकी अनेक शल्यविशारदांनी हे तंत्र कॅसेटी पाहून पाहून आत्मसात केले. ते व्हीसीआर रुग्णालयांच्या अडगळीच्या खोल्यांत आजही धूळ खात पडलेले असतील. साधी व्हीएचएस कॅसेट त्यांत उत्तम चालते, आणि त्यांना एस-व्हिडिओची वेगळी खाच असते. या खाचेचे महत्त्व असे की, व्हीएचएस फितीवर प्रकाशाची आणि रंगाची माहिती वेगवेगळी लिहिलेली असते. पिवळ्या टोकाच्या साध्या तारेतून ती एकत्र कालवली जाते आणि रेकॉर्डरला ती पुन्हा निवडून वेगळी करावी लागते. या कालवाकालवीत लाल शालूच्या काठावर मुंग्या चालल्यासारखे ठिपके दिसू लागतात. एस-व्हिडिओच्या तारेत दोन्ही प्रवाह शेवटपर्यंत वेगळे राहतात. अडगळीची खोली आवरताना प्रशासकांनी ‘हे भंगारात टाकू का?’ असे विचारले, तर कृपया थांबवावे.

याच संदर्भात एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. खानापूरकडे वडिलांपासून चालत आलेली प्रॅक्टिस पुढे चालवणारे माझे एक ज्येष्ठ स्नेही एकदा संध्याकाळी एकच कॅसेट घेऊन आले. वडिलांच्या एकसष्टीची, १९९१ सालची. वडील सायकलवरून खेडोपाडी रुग्ण पाहत फिरलेले डॉक्टर. समारंभानंतर तीन वर्षांनी त्यांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली; पुढील चार वर्षे ते सारे समजत असूनही बोलू शकले नाहीत. ‘डॉक्टर, अकरा मिनिटांचं भाषण आहे. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही,’ एवढेच स्नेह्यांनी सांगितले. कॅसेट लावली. जेवणाच्या पंगती, आहेर, फोटो सारे व्यवस्थित उतरले. भाषण सुरू झाले आणि माझा रेकॉर्डर थांबला. पडद्यावर सूचना आली की, ही फीत संरक्षित असल्यामुळे तिची प्रत करता येणार नाही. पुन्हा लावली, पुन्हा तेथेच.

घरगुती कॅसेटीला कसले संरक्षण? त्याचे कारण असे. चित्रपटांच्या विकतच्या कॅसेटींत प्रत होऊ नये म्हणून, चित्राच्या वर न दिसणाऱ्या रेषांत मुद्दाम गडबड केलेली असे; मॅक्रोव्हिजन हे तिचे नाव. रेकॉर्डर ती गडबड ओळखून थांबतो, आणि विकतच्या चित्रपटाच्या बाबतीत ते योग्यच आहे. परंतु जीर्ण फितीवर तेथेच आपोआप गडबड होते, आणि यंत्राला नैसर्गिक झीज व मुद्दाम केलेला अडथळा यांतील भेद कळत नाही. ते भाषण त्या घरात पुन्हापुन्हा लावले गेले होते. साहजिकच फितीचा तोच तुकडा सर्वांत अधिक झिजला होता. शेवटी लग्नसमारंभांचे चित्रण करणाऱ्या एका ओळखीच्या छायाचित्रकाराकडे पडून असलेला स्वतंत्र टाइम बेस करेक्टर मागून आणला. ही वेगळी पेटी प्रत्येक पूर्ण चित्र क्षणभर आपल्याजवळ ठेवून घेते आणि नवे, स्वच्छ ठोके लावून पुढे सोडते. जुनी गडबड मागेच राहते. मग भाषण अखंड उतरले. दुसऱ्या दिवशी मी खानापूरला डिस्क घेऊन गेलो. स्नेह्यांच्या मातोश्री, नव्वदीच्या घरातल्या, खुर्ची पुढे ओढून बसल्या. वडील बोलू लागल्यावर त्यांनी, ‘आवाज जरा मोठा कर रे,’ एवढेच म्हटले आणि अकरा मिनिटे कोणीही काही बोलले नाही.

आता डीव्हीडीवर लिहिताना कोणती गती ठेवावी, या नेहमीच्या प्रश्नाकडे वळू. ४.७ जीबीच्या एका डिस्कवर एक्सपी पद्धतीत १ तास, एसपीत २ तास, एलपीत ४ तास आणि त्यापुढे ६ किंवा ८ तासही मावतात. एका डिस्कवर सहा तास, ही कल्पना काटकसरी मनाला मोह घालते. साधी व्हीएचएस फीत मुळातच आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील दाखवते, तेव्हा तिच्यासाठी एवढी जागा कशाला वाया घालवावी, असा युक्तिवादही ऐकू येतो. त्यात एक गोम आहे. जुन्या फितीवर वाळूसारखे बारीक कण सतत हलत असतात आणि रेकॉर्डरला प्रत्येक कण नवी हालचाल वाटतो. चित्र जितके खराब तितकी त्याला जागा अधिक लागते. जागा कमी दिली की चेहऱ्यांचे चौकोन होतात. म्हणून एकमेव असलेल्या कॅसेटीसाठी एक्सपी, इतरांसाठी एसपी, आणि तीन तासांची कॅसेट असेल तर सरळ दोन डिस्का. त्याखाली जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिहून झाल्यावर डिस्क ‘फायनलाइज’ करण्यास विसरू नये. ते केल्याखेरीज ती दुसऱ्या बहुतेक यंत्रांत उघडत नाही.

आमच्या एका स्नेही दांपत्याच्या लग्नाची कॅसेट एका स्टुडिओने डीव्हीडीवर करून दिली होती. स्टुडिओचे नाव सांगण्याचे कारण नाही. चार समारंभ एका डिस्कवर कोंबलेले, चेहरे ओळखू येत नव्हते. त्याहून वाईट म्हणजे ‘मागचा गोंगाट’ काढून त्या जागी चित्रपटसंगीत भरले होते. त्या गोंगाटात वधूच्या आजीने घेतलेला लांबलचक उखाणा होता. मूळ कॅसेट जपलेली असल्यामुळे तो पुन्हा मिळवता आला. काम बाहेर द्यायचे तर द्यावे, पण चित्र कापू नये, आवाज बदलू नये, एक्सपी किंवा एसपीतच करावे आणि मूळ कॅसेट परत द्यावी, हे लेखी सांगून द्यावे.

बेळगावच्या पावसाळ्याविषयी न लिहिता हा लेख पुरा होणार नाही. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, चपलांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते, तशीच ती फितीवरही चढते. कॅसेटीच्या पारदर्शक खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरट ठिपके किंवा कापसासारखा थर दिसला, तर ती कोणत्याही परिस्थितीत व्हीसीआरमध्ये घालू नये. ती फाटण्याचा संभव असतो, हेडवर बुरशी बसते, आणि पुढे त्या यंत्रात घातलेल्या प्रत्येक कॅसेटीला संसर्ग होतो. शस्त्रक्रियागृहात आपण जे पथ्य पाळतो तेच येथे. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवावी, कोरड्या हवेत सुकू द्यावी, आणि उघडायची वेळ आली तर एन-९५ मुखपट्टी लावून, घरातील दम्याच्या रुग्णापासून दूर उघडावी; ॲस्परजिलसची ओळख वाचकांना करून देण्याची गरज नाही. निरोगी कॅसेटही वर्षानुवर्षे पडून असेल तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढे व नंतर पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी शाबूत असेल तर ती तोडावी. मग चुकूनही तिच्यावर नवे रेकॉर्डिंग होत नाही. बाह्य पेटी फुटली असेल तर घाबरू नये, पाच स्क्रू काढले की आतल्या दोन चकत्या दुसऱ्या चांगल्या पेटीत बसतात. हेड पुसताना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याचा तुकडा वापरावा. तुकडा ड्रमवर स्थिर धरून ड्रम हाताने हळू फिरवावा, वर-खाली घासू नये. दवाखान्यातील कापसाचे बोळे या कामाला निषिद्ध. त्यांचे तंतू हेडच्या टोकात अडकतात.

कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटींपैकी व्हीएचएस-सी अडॅप्टरमध्ये घालून चालते. हाय-८ साठी मूळ कॅमेराच लागतो. मिनीडीव्ही मात्र मुळातच डिजिटल आहे. ती डीव्हीडी रेकॉर्डरमधून नेऊ नये, फायरवायरच्या तारेने संगणकात जशीच्या तशी उतरवावी.

कोणती कॅसेट आधी घ्यायची, याचा विचार अपघात विभागाच्या पद्धतीने करावा. विकतचे चित्रपट आणि टीव्हीवरून टिपलेल्या मालिका बाजूला ठेवाव्यात. त्यांतील पुष्कळ इतरत्र उपलब्ध आहेत. लग्नाच्या कॅसेटीची प्रत बहुधा व्याह्यांकडेही असते. ज्या कॅसेटीत आता हयात नसलेल्या माणसाचा आवाज आहे आणि जिची दुसरी प्रत नाही, तिच्यापासून आरंभ करावा. दवाखान्यातील कॅसेटींचे निकष निराळे. इको आणि शस्त्रक्रियांच्या जुन्या फितींवर रुग्णाचे नाव, वय, तारीख कोपऱ्यात छापलेली असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार नोंदी उपचारांच्या आरंभापासून तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे, आणि ओळख पटेल अशी छायाचित्रे रुग्णाच्या संमतीवाचून प्रसिद्ध करता येत नाहीत. अध्यापनासाठी मोलाची असलेली शस्त्रक्रिया नाव झाकून जरूर जतन करावी. बाकीच्या फिती रद्दीवाल्याला न देता, गुंडाळी बाहेर काढून कात्रीने कापून नष्ट कराव्यात. घरच्या खोक्यात अशी एखादी कॅसेट मिसळलेली असते. मुलांच्या हाती खोके देण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

डीव्हीडी झाली म्हणजे काम संपले, असे २००५ साली आम्हाला वाटत असे. परंतु घरी लिहिलेल्या डिस्कवर माहिती धरून ठेवणारा थर सेंद्रिय रंगाचा असतो. ऊन, दमट हवा आणि हलका माल यांनी तो बिघडतो. उत्तम डिस्कांसाठी नावाजलेली जपानची ताइयो युदेन कंपनी २०१५ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली, आणि आपल्या बाजारात घरोघरी पोहोचलेल्या मोझर बेअरचे २०१८ मध्ये दिवाळे वाजले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्का बनवणे थांबवले. नव्या लॅपटॉपना डिस्कची खाच सहसा नसते. म्हणून डीव्हीडी तयार झाली की त्याच आठवड्यात ती संगणकात उतरवून घ्यावी. एक्सपीचा तासभराचा भाग साडेचार जीबीच्या आसपास भरतो, आजच्या हिशेबाने ही जागा नगण्य आहे. एक प्रत येथे घरी आणि एक पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातील मुलाकडे असावी. मूळ कॅसेट टाकू नये. ती उभी, कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी.

कॅसेट जितक्या वेळेची तितकाच वेळ प्रत करायला लागतो. घाई करण्याचा कोणताही मार्ग नाही. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तास समोर बसावे लागते. हा वेळ वाया जाऊ नये म्हणून मी एक शिस्त ठेवली आहे. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला शेजारी बसवायचे आणि वही घेऊन, कोणत्या मिनिटाला पडद्यावर कोण दिसते ते लिहून काढायचे. ‘ही शहापूरची मावशी, हा तिचा धाकटा दीर, ही मागे उभी आहे ती कोण बरे,’ असे चालते. परवा एका घरी वीस मिनिटांत तेहतीस नावे लिहिली गेली. त्यांतली एकोणीस त्या घरातल्या मुलांना ठाऊक नव्हती, आणि मागे उभ्या असलेल्या त्या बाईंचे नाव शोधण्यासाठी धारवाडला फोन लावला गेला.